यंत्र असूनही मंद : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ नावाचे जहाज मुंबई बंदरातून सुएझच्या दिशेने निघाले. मुंबईच्याच गोदीत, वाडिया घराण्यातील नवरोजी जमशेटजी यांच्या देखरेखीखाली ते बांधले गेले होते. ४११ टनांचे जहाज, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन बाष्पयंत्रे, दोन्ही कुशींना पाणी मागे लोटणारी मोठी चाके आणि शिवाय डोलकाठ्या व शिडेही. वाऱ्याची वाट न पाहता मुंबईहून तांबड्या समुद्रापर्यंत जाता येते, हे या सफरीने सिद्ध करावयाचे होते. अडचण एवढीच होती की जहाजाची कोठारे पाच-सहा दिवसांच्या कोळशापुरती बांधलेली होती आणि एडनचा पल्ला त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. तेव्हा जेथे जागा सापडेल तेथे कोळसा भरण्यात आला. जहाज बेताबाहेर पाण्यात रुतले. त्याबरोबर कुशींची चाकेही खोल बुडाली. चाक असे खोल बुडाले की त्याची फळी पाण्यात शिरताना पाणी खाली दाबते, बाहेर पडताना ते वर उचलते, आणि पाणी मागे लोटण्याच्या मुख्य कामाला तिच्याकडे थोडीच शक्ती उरते. यंत्रे नवी होती, निर्दोषही होती. जहाज मात्र रेंगाळत होते. ते सुएझला पोहोचले २२ एप्रिलला. लागलेल्या ३३ दिवसांपैकी सुमारे १२ दिवस वाटेतील बंदरांत कोळसा घेण्यात गेले. ज्या कोळशाने जहाज चालावयाचे, त्याच कोळशाने ते अडले होते.

या प्रसंगात एका प्रश्नाचे बीज आहे. आजही एखादी शिडाची नौका वारा पडल्यावर यंत्रावर चालू लागते आणि अपेक्षित वेग गाठत नाही, तेव्हा मालकाचा पहिला संशय यंत्रावर जातो. यंत्र आवाज करते, तापते, धूर सोडते. संशयाचे बोट ठेवायला ते सोयीचे असते. पाणी काही बोलत नाही. नौकेचे जे अंग पाण्याखाली असते ते कोणाला दिसत नाही. म्हणून यंत्रावर चालणाऱ्या नौकांच्या मंदपणाचा इतिहास हा पुष्कळ अंशी चुकीच्या जागी शोधलेल्या कारणांचा इतिहास झाला आहे. वेग आपल्याला यंत्राचा गुण वाटतो; प्रत्यक्षात तो यंत्र, पंखा, नौकेचे अंग आणि पाणी या चौघांमधील व्यवहार असतो, आणि त्यांपैकी कोणीही तो बिघडवू शकतो. हे कळायला शंभरांहून अधिक वर्षे लागली. ती कशी लागली हे पाहणे, कार्यकारणाचा विचार करणाऱ्या कोणालाही उपयोगाचे आहे असे आम्हांला वाटते.

मंदपणाचे सर्वांत जुने कारण यंत्राच्याही आधीचे आहे. लाकडी जहाज उष्ण समुद्रात काही महिने राहिले की त्याच्या तळावर शेवाळ धरते, बार्नॅकलसारखे कवचधारी जीव चिकटतात आणि लाकूड पोखरणारे किडे आत शिरतात. गुळगुळीत अंग खरखरीत होते आणि पाणी त्याला धरून ठेवू लागते. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून तिला वेस्ट इंडीजकडे पाठविले. ती परत आल्यावर तपासणी झाली तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. तळावर वाढ जवळजवळ नव्हती, हा मोठाच लाभ होता. पण पत्रा बसविण्यासाठी वापरलेले लोखंडी खिळे जागोजाग गंजून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत राहिले होते. पत्रा ज्या कागदात गुंडाळून आला होता तो काही ठिकाणी काढावयाचा राहून गेला होता, आणि तेथे लोखंड व तांबे एकमेकांना भिडलेच नव्हते. कोणाच्या तरी हलगर्जीपणाने राहिलेल्या कागदाने असे शिकविले की खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो.

पुढे हे ज्ञान हम्फ्री डेव्ही यांनी पद्धतशीर केले. आता तक्रार खिळ्यांची राहिली नव्हती, तांब्याचीच होती. समुद्राच्या पाण्यात पत्रे लवकर झिजत आणि नौदलाला तो खर्च जड जाई. डेव्ही यांनी १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिले की तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडला तर तो तुकडा झिजतो आणि तांबे वाचते. प्रयोगशाळेत हे निर्विवाद ठरले. मग जहाजांवर ‘संरक्षक’ तुकडे बसविण्यात आले. कोचीनला बांधलेली ‘सॅमरँग’ ही युद्धनौका त्यांपैकीच एक. तांबे खरोखरच वाचू लागले. पण वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नॅकल भरभरून वाढू लागले. तांबे तळ स्वच्छ ठेवीत होते ते त्याच्या विरघळण्यामुळेच. झीज हा त्याचा दोष समजला गेला होता, पण ती झीजच त्याचे काम होती. तांबे वाचले आणि जहाजे मंदावली. समुद्रावर फिरणाऱ्या नौकांवरून ते संरक्षक तुकडे काही काळातच काढून टाकावे लागले, आणि उतारवयाकडे झुकलेल्या डेव्ही यांच्या वाट्याला जाहीर टीका आली.

आम्हांला या प्रसंगात डेव्हींची चूक फारशी दिसत नाही. त्यांना विचारलेला प्रश्न होता, ‘तांबे कसे वाचवावे?’ त्याचे उत्तर त्यांनी अचूक दिले. जहाजाचा प्रश्न निराळा होता आणि तो त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांचा तो तुकडा व्यर्थही गेला नाही. आजच्या जवळजवळ प्रत्येक शिडाच्या नौकेत पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा एक गोळा बसविलेला असतो आणि तो झिजला की बदलतात. पंखा वाचविण्याचे काम तो इमानाने करतो. वेग वाढविण्याची अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नाही.

यंत्रे आल्यावर प्रश्नात नवे पात्र आले : पंखा. कुशींची चाके लाटांत उघडी पडत, युद्धात गोळ्यांना बळी पडत, शिडांच्या कामात आड येत. म्हणून पिछाडीला पाण्याखाली राहणारा मळसूत्री पंखा अनेकांच्या मनात घोळत होता. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने १८३६ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याचा पंखा लाकडाचा होता आणि मळसूत्राचे पूर्ण दोन वेढे त्याला दिलेले होते. जितके वेढे अधिक तितकी पकड अधिक, असा सरळ हिशोब त्यामागे होता. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना पंखा कशावर तरी आपटला आणि त्याचा जवळजवळ अर्धा भाग तुटून गेला. नौका थांबावयास हवी होती. तिचा वेग वाढला. तुटून गेलेला भाग इतके दिवस मदत करीत नव्हता, तर पाण्याशी घासत यंत्राची शक्ती खात होता. स्मिथचे श्रेय असे की त्याने अपघाताची साक्ष मानली आणि पुढे एकाच वेढ्याचा पंखा केला.

एप्रिल १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकांची ‘अलेक्टो’ यांना पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधले व दोघींना पूर्ण शक्तीने ओढावयास लावले. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला अडीच नॉटांहून अधिक वेगाने मागे फरफटत नेले. हा प्रसंग शालेय पुस्तकांत शोभण्यासारखा आहे आणि म्हणूनच तो प्रसिद्ध झाला. पण त्या वेळी ‘रॅटलर’चे यंत्र अधिक शक्ती देत होते, तेव्हा या रस्सीखेचीने फारसे काही सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. खरे काम त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत झाले होते. त्याच जहाजावर, त्याच यंत्राने, निरनिराळ्या आकारांचे व लांबींचे पंखे एकामागून एक लावून वेग मोजण्यात आला होता. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि बाकी सारे तसेच ठेवावयाचे, ही त्यामागची शिस्त होती. तिच्या वाट्याला चित्रे आली नाहीत. जहाजबांधणीला मात्र उपयोग तिचाच झाला.

शीड आणि यंत्र या दोघांनाही घरात ठेवणाऱ्या जहाजांत पंख्याने आणखी एक पेच उभा केला. शिडावर चालताना थांबलेला पंखा पाण्यात अडसर होतो. १८६० मध्ये जलावतरण झालेल्या ‘वॉरियर’ या लोखंडी युद्धनौकेवर सुमारे २६ टनांचा पंखा शिडे उभारण्यापूर्वी पाण्याबाहेर उचलून घेण्याची सोय केलेली होती, आणि त्यासाठी सुमारे ६०० माणसांना दोर ओढावे लागत. आजच्या शिडाच्या नौकेवर याच पेचाचे उत्तर म्हणजे मिटणारा पंखा. शिडावर असताना त्याची पाती फुलाच्या कळीसारखी मिटतात. पण एखाद्या पात्याच्या सांध्यात बार्नॅकल बसले आणि ते पूर्ण उघडेनासे झाले, तर यंत्र उत्तम चालत असूनही नौका जागची हलत नाही, आणि मालक यंत्राला दोष देत बसतो.

पंख्याचा हिशोब मुळात साधा आहे. पाणी घन असते आणि पंखा दर फेऱ्याला मळसूत्रासारखा १ फूट पुढे सरकला असता असे समजू. तो मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर नौका तासाला ६०,००० फूट, म्हणजे सुमारे ९.९ नॉट वेगाने जाईल. परंतु पाणी घन नाही. ते मागे सरकते. त्यात ४० टक्के घसरण धरली तर हाती ५.९ नॉट राहतात. ही घसरण सर्वस्वी वाया गेलेली नसते, कारण पाणी मागे गेल्याखेरीज नौका पुढे जातच नाही. घसरण किती असावी आणि किती झाली म्हणजे ती रोग समजावी, हे मात्र केवळ पंख्याकडे पाहून सांगता येत नाही. त्यासाठी पंखा ज्या अंगाला ढकलतो त्या अंगाकडे वळावे लागते.

या वळणावर विल्यम फ्रूड भेटतात. जहाजाला पाणी नेमका किती विरोध करते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाला नीट सांगता येत नव्हते. लहान प्रतिकृती ओढून मोठ्या जहाजाचे उत्तर काढणे म्हणजे मुलांचा खेळ, असे अनेक नामवंतांचे मत होते. १८६७ मध्ये फ्रूड यांनी डार्ट नदीत दोन प्रकारच्या प्रतिकृती शेजारीशेजारी ओढून पाहिल्या. ‘रेव्हन’ टोकदार अंगाची होती, ‘स्वॅन’ गोलसर अंगाची. प्रचलित समजुतीनुसार टोकदार अंगाने नेहमीच जिंकावयास हवे होते. कमी वेगात तसे झालेही. वेग वाढला तशी मात्र ‘स्वॅन’ सरस ठरू लागली. उत्तम आकार कोणता, या प्रश्नाला ‘कोणत्या वेगासाठी?’ हे विचारल्यावाचून उत्तरच नव्हते.

फ्रूड यांनी पाण्याच्या विरोधाचे दोन भाग वेगळे केले. एक अंगाला घासणाऱ्या पाण्याचा. तो पृष्ठभागाच्या खरखरीतपणावर अवलंबून असतो आणि त्यांनी वार्निश, कापड, वाळू असे निरनिराळे थर दिलेल्या फळ्या ओढून तो मोजला. दुसरा लाटांचा; नौका चालते तेव्हा ती स्वतःच लाटा निर्माण करते आणि त्या उठविण्याची शक्ती तिच्याच यंत्रातून जाते. प्रतिकृती मूळ जहाजाच्या एक सोळांश असेल तर तिला एक चतुर्थांश वेगाने ओढावे, म्हणजे तिच्या लाटा मोठ्या जहाजाच्या लाटांसारख्याच दिसतात, हा त्यांचा नियम. ब्रिटिश नौदलाच्या पैशाने त्यांनी टॉर्की येथे आपल्या घराजवळ लांब हौद बांधला आणि १८७२ पासून तेथे प्रयोग सुरू झाले. त्याच्या आधीच्या वर्षी ‘ग्रेहाउंड’ हे खरे जहाज दुसऱ्या जहाजाकडून ओढवून त्यांनी त्यावर पडणारा ताण मोजला होता. त्यातून निघालेला निष्कर्ष यंत्रकारांना सुखावह नव्हता. यंत्रात उत्पन्न होणाऱ्या शक्तीपैकी निम्म्याहून कमी शक्ती जहाज पुढे नेण्याच्या कामी येत होती. उरलेली यंत्राच्या अंतर्गत घर्षणात, पंख्यात आणि पंख्याने पिछाडीजवळच्या पाण्यात घातलेल्या गोंधळात संपत होती.

लाटांच्या या नियमात शिडाच्या नौकेची सीमाही दडलेली आहे. पाण्यावर लाट जितकी लांब तितकी ती वेगाने धावते. लाटेची लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे तिचा वेग नॉटांत मिळतो. नौकेच्या वेगाबरोबर तिच्या लाटेची लांबी वाढत जाते. ती लांबी नौकेच्या पाण्यालगतच्या लांबीएवढी झाली की नौका स्वतःच्या दोन लाटशिखरांमध्ये अडकते. त्यापुढे वेग वाढवावयाचा तर तिला स्वतःच उठविलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. पाण्यालगत २५ फूट लांबीच्या नौकेला ही सीमा ६.७ नॉटांवर गाठते, ३६ फुटांच्या नौकेला सुमारे ८ नॉटांवर. शिडाच्या जड, खोल अंगाच्या नौकेवर दुप्पट शक्तीचे यंत्र बसविले तरी या चढावर फारसे काही हाती लागत नाही. पिछाडी खाली बसते, मागची लाट उंचावते आणि तेल जळत राहते. अशा नौकेत मंदपणाचे कारण शोधणारा माणूस वास्तविक निरोगी माणसाच्या अंगात रोग शोधत असतो.

ही सीमा ओलांडण्याचा ध्यास घेतलेल्या एका नौकेने मंदपणाचे शेवटचे मोठे कारण उघड केले. चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ १८९४ मध्ये पाण्यात उतरली. ती शिडाची नव्हती. टर्बाइनची शक्ती दाखविण्यासाठीच बांधलेली, सुमारे १०३ फूट लांबीची सडपातळ नौका होती. तिच्याकडून ३० नॉटांहून अधिक वेगाची अपेक्षा होती. पंखे बदलून बदलून चाचण्या झाल्या, पण वेग २० नॉटांच्या आतच अडला. यंत्राला दोष देणे येथेही सोपे होते. यंत्र नवे होते आणि त्याचे विरोधक टपून बसले होते. पार्सन्स यांनी दांड्याला मिळणारी शक्ती मोजली. ती कमी नव्हती, म्हणजे तोटा दांड्याच्या पलीकडे होता. पंखा इतक्या वेगाने फिरत होता की पात्यांच्या पाठीमागचे पाणी ताणले जाऊन तेथे वाफेच्या पोकळ्या पडत होत्या. पंखा पाण्याऐवजी पोकळीत फिरत होता. पार्सन्स यांनी लहानसे बंदिस्त पात्र करून, फिरत्या पंख्यावर क्षणोक्षणी प्रकाश पाडून त्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. या घटनेला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव सुचविले ते विल्यम फ्रूड यांचे पुत्र रॉबर्ट एडमंड फ्रूड यांनी. मग एका दांड्याच्या जागी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे आले. १८९७ च्या जूनमध्ये स्पिटहेडच्या नौदल संचलनात ‘टर्बिनिया’ सुमारे ३४ नॉट वेगाने धावली आणि तिला अडवू पाहणाऱ्या पहाऱ्याच्या नौका मागे पडल्या.

येथवर हा इतिहास ज्ञानाच्या सरळ चढत्या रेषेसारखा दिसतो. पण वेगाच्या हिशोबात एक पक्ष नेहमी विसरला गेला, तो म्हणजे स्वतः समुद्र. तळावरची वाढ रोखण्यासाठी १९६० च्या दशकापासून ट्रायब्युटिल टिन मिसळलेले रंग आले. त्यांची परिणामकारकता विलक्षण होती. तळ वर्षानुवर्षे स्वच्छ राहत. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आर्काशोंच्या उपसागरात हौशी नौकांची मोठी गर्दी असे, आणि तेथेच कालवांची शेतीही होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील कालवांची नवी पिढी धरेनाशी झाली, त्यांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले आणि शेतकरी बुडाले. कारण निघाले नौकांच्या तळांवरील रंग. फ्रान्सने १९८२ मध्ये २५ मीटरांहून लहान नौकांवर त्याला बंदी घातली. सर्व जहाजांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. डेव्हींच्या तांब्याने जो धडा दिला होता त्याचीच ही दुसरी बाजू होती. तळाला जे चिकटू देत नाही ते पाण्यात उतरतेच, आणि उतरल्यावर ते कोणाचा तळ कोणता हे पाहत नाही.

आज अशा मंद नौकेची चौकशी कशी करावी, याची रीत या साऱ्या अनुभवातूनच तयार झाली आहे. प्रथम अपेक्षा तपासावी. पाण्यालगतच्या लांबीवरून सीमा काढावी, आणि वेग एकदा जाताना व एकदा उलट दिशेने मोजून त्यांची सरासरी घ्यावी, म्हणजे प्रवाहाचा हात वजा होतो. मग वेग केवळ पूर्ण शक्तीवर न मोजता कमी फेऱ्यांपासून पायरीपायरीने वाढवीत मोजावा. ही सवय स्कॉटलंडचे जहाजबांधणीकार विल्यम डेनी यांनी १८७० च्या दशकात लावली. यंत्र आपले पूर्ण फेरे गाठीत नसेल आणि काळा धूर सोडीत असेल, तर त्याच्यावर ओझे जास्त आहे किंवा त्याला इंधन व हवा नीट मिळत नाही. ते पूर्ण फेरे सहज गाठीत असेल आणि तरीही नौका मंद असेल, तर शक्ती दांड्याच्या पलीकडे हरवते आहे : पंखा लहान आहे, मळलेला आहे, की पुरता उघडलाच नाही? नौकेत गेल्या काही वर्षांत जमा झालेल्या सामानाचे वजनही मोजावे; ‘ह्यू लिंडसे’चा कोळसा अनेक रूपांनी परत येतो. आणि बदल करावयाचा तो एका वेळी एकच.

आम्ही जे वाचतो आणि शिकवितो त्या विषयांतही मंदावलेल्या गोष्टी पुष्कळ असतात. भाषा मंदावली, नियतकालिके मंदावली, वाचन मंदावले, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो, आणि दोष बहुधा सर्वांत आवाज करणाऱ्या भागावर ठेवला जातो. जहाजांचा हा इतिहास त्या प्रश्नांची उत्तरे देणार नाही. उपमा फार ताणण्यातही अर्थ नाही. कोणता प्रश्न विचारला जात आहे आणि कोणता राहून गेला आहे, एवढे तपासण्याची सवय त्यातून घेता आली तरी ती पुरे आहे.

मंद नौकेचा जाणता मालक काय करतो, हे अखेरीस सांगण्यासारखे आहे. तो यंत्राचे झाकण उघडण्याआधी यंत्र बंद करतो, किल्ली काढून खिशात ठेवतो, आणि डोळ्यांवर पाण्यातला चष्मा चढवून नौकेखाली उतरतो.